डावा क्रँक की दोन्ही पेडल? रोड बाइकसाठी पॉवर मीटर निवडताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रस्त्यावर चालवायची एक रोड बाइक आणि घरी स्मार्ट ट्रेनरवर (घरातच सायकल चालवता यावी म्हणून रोध देणारं यंत्र) कायमची चढवलेली एक जुनी सायकल. पॉवर मीटर, म्हणजे पायांचा जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र, घ्यायचा आहे, पण फक्त डाव्या क्रँकवर (पेडल ज्या दांड्याला लागतं तो) मोजणारा घ्यावा की दोन्ही पायांचं वेगवेगळं मोजणारे पेडल, हे ठरत नाही. एका खोक्यावर अचूकता ±१ टक्का लिहिलीय, दुसऱ्यावर ±२ टक्के, आणि त्या एका टक्क्यासाठी जवळपास दुप्पट पैसे मोजावेत का, असं तुम्ही विचारताय. शेवटी जाता जाता लिहिलंय की काही वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं होतं आणि लांब राइडमध्ये तो पाय 'आधी थकतो'. माझ्या मते अख्ख्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. टक्क्यांचा वाद त्यानंतर.

मी सायकलस्वारांना ट्रेनिंग देतो, त्यांचे मीटर बसवतो आणि आकडे वेडेवाकडे यायला लागले की कारणही शोधतो. या कामात एक गोष्ट वारंवार दिसते. लोक मीटर निवडताना अचूकतेचा आकडा बघतात आणि नंतर वैतागतात ते भलत्याच गोष्टींवर: क्लीट (बुटाखालची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) जुळत नाही, क्रँक फ्रेमला घासतो, थंड सकाळी आकडा उगाच वर जातो, ट्रेनर एक सांगतो नि मीटर दुसरंच. म्हणून आधी हे यंत्र नेमकं काय मोजतं ते बघू.

पॉवर म्हणजे टॉर्क, अर्थात फिरवणारा जोर, गुणिले फिरण्याचा वेग. समजा तुम्ही ९० कॅडेन्सने (मिनिटाला ९० फेरे) २५० वॅट काढताय. म्हणजे क्रँकच्या आसावर सरासरी साधारण २६.५ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. क्रँक १७० मिमीचा असेल तर पेडलवर सरासरी सुमारे १६ किलो वजनाइतका जोर, दोन्ही पाय मिळून. एवढ्याशा जोराने धातू जो वाकतो किंवा पिळला जातो, तो डोळ्याला दिसणं शक्यच नाही. स्ट्रेन गेज नावाची बारीक पट्टी त्या धातूला चिकटवलेली असते. धातू ताणला की तिचा विद्युत रोध किंचित बदलतो, आणि त्या बदलावरून टॉर्क काढला जातो. १९८६ मध्ये जर्मनीच्या उलरिक शोबेरर यांनी एसआरएम हा पॉवर मीटर काढला, तेव्हा हे गेज क्रँकच्या स्पायडरमध्ये, म्हणजे क्रँकला चेनरिंगशी (पुढच्या दातेरी चाकाशी) जोडणाऱ्या भागात होते. आज ते पेडलच्या आसात, डाव्या क्रँकच्या आतल्या बाजूला, स्पायडरमध्ये किंवा मागच्या हबमध्ये असतात. मोजण्याचं तत्त्व सगळीकडे तेच. गेज कुठे बसलाय, यावर बाकी सगळं ठरतं: कोणाचा जोर मोजला जातो, काय गृहीत धरलं जातं आणि काय बिघडू शकतं.

आता ते टक्के. २५० वॅटवर १ टक्का म्हणजे अडीच वॅट आणि २ टक्के म्हणजे ५ वॅट. झोप कमी झाली, ऊन वाढलं किंवा कालची राइड अंगात असली की तुमची स्वतःची ताकदच याहून जास्त खाली-वर होते. ट्रेनिंगसाठी मीटरने खरा आकडा सांगावा यापेक्षा रोज एकसारखा सांगावा हे महत्त्वाचं. एखादा मीटर कायम ३ टक्के जास्त दाखवत असेल तर काहीही बिघडत नाही. तुमचा एफटीपीही (साधारण तासभर टिकवता येणारी पॉवर) त्याच मीटरवर काढलेला असतो, त्यामुळे त्यावरून ठरणारे ट्रेनिंगचे सगळे झोन त्याच प्रमाणात सरकतात. आज ३ टक्के जास्त आणि पुढच्या आठवड्यात २ टक्के कमी दाखवणारा मीटर मात्र काही कामाचा नाही, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

हा चढउतार बहुतेक वेळा शून्यातून येतो. पेडलवर काहीच जोर नसताना मीटरने शून्य टॉर्क दाखवायला हवा. तापमान बदललं की धातू आणि गेज दोन्ही थोडे सरकतात आणि ते शून्य हलतं. समजा ते अर्ध्या न्यूटन-मीटरने हललं, तर ९० कॅडेन्सला जवळपास ५ वॅटची चूक. ही चूक टक्क्यांत नसते, सरसकट असते. ३०० वॅटवर ५ वॅट कोणाच्या लक्षातही येणार नाहीत, पण १०० वॅटच्या रिकव्हरी राइडवर तेच ५ टक्के होतात. चांगल्या मीटरमध्ये तापमानानुसार आपोआप दुरुस्ती होते, तरी घरातून काढलेली सायकल बाहेरच्या हवेत दहा-पंधरा मिनिटं राहू द्यावी आणि मग झीरो ऑफसेट करावा, म्हणजे शून्य पुन्हा लावून घ्यावं. सायकलच्या कॉम्प्युटरवर या कामाला बऱ्याचदा 'कॅलिब्रेट' म्हणतात. त्या वेळी पेडलवर पाय नको आणि क्रँक कंपनीने सांगितलेल्या स्थितीत हवा. एक सवय लावून घ्या: तिथे जो आकडा येतो तो लक्षात ठेवायचा. रोज थोडा इकडे-तिकडे होणारच; एक दिवस एकदम मोठी उडी दिसली की त्या दिवशीच्या वॅटवर विश्वास ठेवू नका.

आता डाव्या बाजूचा मीटर. तो डाव्या पायाचा जोर मोजतो आणि दुप्पट करतो. उजवा पायही तेवढंच काम करतोय, असं त्याने धरून चाललेलं असतं. अगदी निरोगी माणसातही ४८-५२ चा फरक सर्रास असतो. खरे २५० वॅट असतील आणि डाव्याचा वाटा ४८ टक्के असेल, तर मीटर २४० दाखवेल. तो वाटा कायम ४८ राहिला तर हरकत नाही, वर म्हटल्याप्रमाणे सगळेच झोन सरकतात. डाव्या बाजूच्या मीटरला नाकं मुरडायची फॅशन आहे, ती मला पटत नाही. दोन्ही पाय धडधाकट, सायकल एक, बजेट बेताचं, अशा माणसाला मी तो बिनदिक्कत घ्यायला सांगतो. वजन नगण्य वाढतं, साधी सीआर २०३२ बॅटरी, एकदा बसवला की विसरून जा.

तुमचं तसं नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या बाजूचे मांडीचे स्नायू बराच काळ मागे राहू शकतात, आणि राइड लांबली की शरीर नकळत चांगल्या पायावर भार टाकतं. तुम्हीच म्हणताय की उजवा आधी थकतो. मग हे गणित बघा. सुरुवातीला दोन्ही पाय ५०-५०, खरे २४० वॅट, मीटरवरही २४०. तीन तासांनी डाव्याचा वाटा ५४ टक्के झाला. खरे वॅट तेवढेच, २४०, पण डावा पाय आता सुमारे १३० काढतोय आणि मीटर दाखवतोय २५९. काहीही न करता १९ वॅट वाढले! उलट चढावर तुम्ही स्क्रीनवर २४० धरून बसलात, तर प्रत्यक्षात काढताय जेमतेम २२२. म्हणजे पेसिंगसाठी (जोर शेवटपर्यंत पुरवण्यासाठी) आकड्याची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच तो फसवणार, आणि घरी येऊन ग्राफ बघाल तर वाटेल, वा, शेवटच्या तासात किती जोर राहिला होता. ही चूक ±१ किंवा ±२ टक्क्यांत कुठेच येत नाही. कंपनी खोटं बोलत नाही. तिने डाव्या पायाचा टॉर्क बरोबरच मोजलेला असतो.

दोन्ही पाय मोजायचे तर पर्याय दोन: स्पायडर किंवा पेडल. मागच्या हबमध्ये मोजणारे मीटर एके काळी खूप चालायचे, पॉवरटॅपने नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते लोकांपर्यंत आणले. पण ते एका चाकाला बांधलेले असतात. चाक बदललं की मीटर गेला. आज फार थोडे लोक त्या वाटेने जातात.

स्पायडरचा मीटर मला स्वतःला मनापासून आवडतो. दोन्ही पायांचा एकत्र टॉर्क चेनरिंगकडे जाताना तो मध्येच मोजतो, त्यामुळे एकूण वॅट विश्वासार्ह येतात. क्रँकची लांबी भरायची भानगड नाही, आपटण्याची भीती कमी, खडखडीत वस्तू. पण डावा-उजवा म्हणून तो जो आकडा देतो तो अंदाज असतो. उजवा पाय खाली दाबत असतानाच्या अर्ध्या फेऱ्यात जो टॉर्क आला तो उजव्याचा, उरलेल्या अर्ध्यातला डाव्याचा, असा त्याचा हिशोब. प्रत्यक्षात उजवा दाबत असतो तेव्हा डावा पाय वर येताना स्वतःच्या वजनाने पेडलवर बसलेला असतो, आणि तेवढं उजव्यातून वजा होतं. डावा नीट उचलत नसेल तर खापर उजव्यावर फुटतं. एकूण वॅटला याने फरक पडत नाही, पण तुम्हाला गुडघ्यावर लक्ष ठेवायचंय, आणि त्यासाठी प्रत्येक पायाला आपला गेज हवा. शिवाय स्पायडर घेतला तर त्याला चालणारा क्रँक आणि त्या क्रँकला चालणारा बॉटम ब्रॅकेट (फ्रेममधलं क्रँकचं बेअरिंग), अशी साखळी लागते. शिमानोच्या क्रँकचा स्पिंडल, म्हणजे आस, २४ मिमी जाड, स्राम कंपनीच्या 'डब' प्रकारचा २८.९९ मिमी, फ्रेममध्ये काय बसतं ते आधी बघावं लागतं.

राहिले दोन्ही बाजूंचे पेडल, आणि तुमच्यासाठी मी तेच म्हणेन. मात्र त्यांचे नखरेही ऐकून घ्या.

पहिला नखरा क्लीटचा. पेडल म्हणजे क्लीट, आणि क्लीट म्हणजे तुमच्या गुडघ्याची सवय. उजवा गुडघा आधीच नाजूक असताना केवळ मीटरसाठी क्लीटची पद्धत बदलावी लागू नये, हे बघा. फॅवेरो कंपनीचे असिओमा ड्युओ पेडल लुक केओ पद्धतीच्या क्लीटवर चालतात, शिमानोची एसपीडी-एसएल क्लीट वापरत असाल तर त्यांचं प्रो आरएस वेगळं आहे. गार्मिनच्या रॅली पेडलमध्ये आरके म्हणजे केओ, आरएस म्हणजे एसपीडी-एसएल आणि एक्ससी म्हणजे माउंटन बाइकवाली एसपीडी. बदलणं भागच पडलं तर पेडलच्या आसापासून बुटाच्या तळव्यापर्यंतची उंची थोडी बदलू शकते. दोन-तीन मिलिमीटरचा फरकही आधी दुखावलेल्या गुडघ्याला कळतो, तेव्हा सीटची उंची पुन्हा मोजून घ्या.

दुसरा नखरा क्रँकच्या लांबीचा, आणि इथे घोळ होताना मी सगळ्यात जास्त बघतो. पेडलला फक्त जोर कळतो. टॉर्क काढायला तो त्याला क्रँकच्या लांबीने गुणावा लागतो, आणि ती लांबी ॲपमध्ये तुम्ही भरायची असते. क्रँक १६५ मिमीचा असताना सेटिंग १७२.५ राहिलं तर वॅट साडेचार टक्के जास्त दिसतात. खोक्यावरचा ±१ टक्का तिथेच संपला. तुमच्या दोन सायकलींचे क्रँक वेगवेगळ्या लांबीचे असतील, तर पेडल हलवताना दर वेळी हे बदलायला हवं. एक माणूस अख्खा सीझन 'नवीन सायकलवर मी जास्त ताकदवान आहे' या आनंदात होता. सेटिंग दुरुस्त केल्यावर बिचाऱ्याचं तोंड बघवेना.

तिसरी गोष्ट बसवण्याची. क्रँकचे आटे कापडाने साफ करून थोडं ग्रीस लावायचं. डाव्या पेडलचे आटे उलटे, हे सांगायला नकोच, तरी सांगतो. दोन्ही बाजू सारख्याच आवळायच्या, कंपनीने टॉर्क दिला असेल तर तेवढाच. मग दोन-चार जोरदार स्प्रिंट मारायचे, म्हणजे पेडल नीट बसतात, आणि त्यानंतर झीरो करायचं. शिवाय सायकल पडली की जमिनीला आधी पेडलच लागतं आणि वळणावर पाय मारत राहिलं तर रस्त्याला खरवडतं तेही पेडलच. ज्यांची सायकल वारंवार आडवी होते त्यांनी स्पायडरच घ्यावा.

आता तुमच्या ट्रेनरबद्दल, कारण 'दोन्हीकडे एकच आकडा हवा' असं तुम्ही लिहिलंय. तसा येणार नाही आणि यायलाही नको. पेडल चेनच्या आधी मोजतं, ट्रेनर चेनच्या नंतर. मधे चेन आणि स्प्रॉकेटमध्ये साधारण २-३ टक्के जातात, चेन मळलेली असेल तर आणखी. म्हणजे पेडलवर २५० असताना ट्रेनरने २४३-२४५ दाखवणं हे दोन्ही ठीक असल्याचं लक्षण. उलट ट्रेनर जास्त दाखवत असेल, तर काहीतरी गडबड आहे: ट्रेनर गरम व्हायच्या आधीच कॅलिब्रेट केलाय, क्रँकची लांबी चुकलीय किंवा झीरो हललंय. घरात आणि बाहेर एकच मोजपट्टी हवी असेल तर पेडल ट्रेनरच्या सायकलवर लावा आणि ॲपमध्ये वॅट पेडलकडून घ्यायला सांगा; बऱ्याच ॲपमध्ये ट्रेनरचा रोधही पेडलच्या आकड्यावरून चालवता येतो. रोज पेडल काढ-घाल करायचा कंटाळा असेल तर दोन्हींचा एफटीपी वेगळा ठेवा. तेही चालतं.

विकत घेताना उरलेल्या बारीकसारीक गोष्टी. अंडाकृती चेनरिंग असेल तर जुन्या पद्धतीचे मीटर जास्त वॅट दाखवतात. ते अख्ख्या फेऱ्यात वेग एकसारखा धरतात आणि अंडाकृतीत तो असतो कमी-जास्त. फेऱ्याच्या आत वेग मोजणारा मीटर असला तर अडचण नाही, तसं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. अँट प्लस आणि ब्लूटूथ या दोन्ही बिनतारी जोडण्या हव्यात: अँट प्लसचा सिग्नल कितीही उपकरणं एकाच वेळी पकडू शकतात, ब्लूटूथवर एका-दोघांनाच जागा असते, म्हणून फोनचं ॲप उघडं राहिलं की कॉम्प्युटरला मीटर सापडत नाही आणि लोक मीटरला शिव्या घालतात. सेकंडहँड घेणार असाल आणि तो शिमानोच्या ११ स्पीड अल्टेग्रा किंवा ड्युरा-एस क्रँकवर बसवलेला असेल, तर तो क्रँक जुलै २०१९ पूर्वीचा आहे का बघा. शिमानोने २०२३ मध्ये अशा चिकटवलेल्या हॉलोटेक २ क्रँकच्या तपासणीची मोहीम काढली होती. तपासणी झाल्याची खात्री नसेल तर कितीही स्वस्त मिळत असला तरी नको.

मीटर बरोबर मोजतोय का, हे घरी तपासता येतं. मागचा ब्रेक रबर बँडने किंवा पट्ट्याने दाबून ठेवा म्हणजे चाक फिरणार नाही. क्रँक पुढे करून जमिनीला अगदी समांतर ठेवा. नेमकं वजन माहीत असलेली वस्तू, समजा १० किलो, पेडलला टांगा; ती फ्रेमला किंवा जमिनीला टेकायला नको. क्रँक १७२.५ मिमीचा असेल तर टॉर्क १६.९ न्यूटन-मीटर यायला हवा. मग दुसऱ्या बाजूला तेच. मात्र मीटरचं ॲप टॉर्क दाखवणारं हवं, सगळी दाखवत नाहीत. दोन्ही बाजूंना आकडा जवळपास सारखा आला, तर पुढे उजवा पाय कमी दिसल्यावर दोष मीटरचा नाही हे तुम्हाला नक्की माहीत असेल. तुमच्या बाबतीत या चाचणीला फार किंमत आहे.

तेव्हा माझा सल्ला: तुमच्या क्लीटला चालणारे दोन्ही बाजूंचे पेडल. पैसे आत्ता जमत नसतील तर डाव्या बाजूचा 'तात्पुरता' घेऊ नका. एकाच बाजूचं पेडल घेतलं तरी ते तुमचा चांगला पायच मोजणार. त्यापेक्षा एक सीझन ट्रेनरवरचे वॅट आणि बाहेर हार्ट रेट यांवर काढा. ट्रेनर निदान दोन्ही पायांची बेरीज तरी देतो.

पेडल आल्यावर ५०-५० च्या मागे लागू नका. मुद्दाम उजवा पाय दाबून आकडा सरळ करता येतो, गुडघा मात्र त्याने बिघडतो. तुम्ही बघायचं ते हे: एकाच राइडमध्ये पहिल्या तासाचा बॅलन्स (डाव्या-उजव्या पायाचा वाटा) आणि शेवटच्या तासाचा बॅलन्स, आणि ती दरी महिन्यागणिक कमी होतेय का. उतारावर, कोणाच्या मागे चाक धरून किंवा १०० वॅटच्या आत चालवताना येणारा बॅलन्स बघूच नका, तिथे तो काहीही येतो. दरी वाढत असेल आणि सोबत दुखत असेल, तर ग्राफ घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा. त्यांना 'पाय थकतो' यापेक्षा तो ग्राफ जास्त सांगेल.

कॉम्प्युटरच्या दोन सेटिंग तेवढ्या करा. स्क्रीनवर ३ सेकंदांची सरासरी ठेवा, कारण क्षणाक्षणाचा आकडा इतका नाचतो की त्याच्यावर पेस धरता येत नाही. आणि सरासरी पॉवरमध्ये शून्य धरायला सांगा, नाहीतर पेडल न मारलेला वेळ गाळला जातो आणि सरासरी फुगते. ट्रेनरवरचा जुना एफटीपी नव्या पेडलमध्ये भरू नका. आठवडाभर नुसतं चालवा, मग त्याच पेडलवर २० मिनिटांची टेस्ट द्या आणि सरासरीचे ९५ टक्के धरा. २५० आले तर २३७.

ऑर्डर देण्याआधी दोन्ही सायकलींच्या क्रँकची लांबी वाचून घ्या. बहुतेक क्रँकवर ती आतल्या बाजूला, पेडलच्या भोकाजवळ कोरलेली असते. ती आणि बुटाखाली कोणती क्लीट आहे ते कळवलंत, तर नेमकं कोणतं मॉडेल ते सांगतो.